लघवीची नळी कायम असलेल्या रुग्णाला संसर्ग झाला तर: काय आधी, काय नंतर, आणि कोणत्या आडवळणी गुंतागुंती चुकतात

नळी घालून महिना झाला की जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडतात. नळी आत असताना दर दिवसागणिक जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्के असते, त्यामुळे हे टळत नाही. पण लघवी गढूळ दिसली किंवा वास आला की घाईने पिशवीतून नमुना घेतला जातो, कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) ‘पॉझिटिव्ह’ येते आणि अँटिबायोटिक सुरू होते. रुग्णाला मुळात त्रास नसतो. औषधाचा फायदा होत नाही, जंतू मात्र पुढच्या वेळेसाठी चिवट होऊन बसतात.

खरा घोटाळा त्यापुढे होतो. ज्या दिवशी नळी तुंबते, रक्तदाब एकाएकी चढतो, अंडकोश सुजतो किंवा रुग्ण विनाकारण पेंगायला लागतो, त्या दिवशीसुद्धा सगळ्यांची नजर लघवीच्या रंगावरच असते. म्हणून क्रम पक्का हवा: आधी प्रवाह, मग रुग्ण, मग नवी नळी, मग नमुना, आणि त्यानंतर औषध. घरी काळजी घेणाऱ्यांनी आणि नर्सनी हाच क्रम धरून चालावे. नळी बदलण्याचे काम मात्र ज्याला ते शिकवले आहे त्यानेच करावे. प्रोस्टेटची किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, किंवा मागच्या वेळी नळी घालताना रक्त आले असेल, तर घरी प्रयत्न करू नये.

## पूर्वतयारी: त्रास सुरू होण्याआधीच लिहून ठेवायच्या गोष्टी

आज काय बिघडले हे कळायला एरवी काय असते ते माहीत हवे. एका वहीत पुढील नोंदी ठेवा:

- नळीचा आकार (उदा. १४ किंवा १६ फ्रेंच; फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप), ती सिलिकॉनची की लॅटेक्सची, घातल्याची तारीख, आणि नळी आत टिकवून धरणाऱ्या टोकाजवळच्या फुग्यात किती मि.ली. पाणी भरले
- रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब, नेहमीचे तापमान, दिवसभरात साधारण होणारी लघवी
- मागच्या तीन नळ्या किती दिवसांनी तुंबल्या किंवा बदलल्या
- मज्जारज्जूला इजा असेल तर ती कोणत्या पातळीवर आहे
- औषधांची ॲलर्जी, मधुमेह, हृदयाची झडप बदललेली असल्यास तसे

यातला रक्तदाबाचा आकडा सर्वात जास्त वेळा सुटतो. मान किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूची इजा असलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० असू शकतो. अशा माणसाचा १३५ हा आकडा ‘नॉर्मल’ समजून सोडून दिला की धोक्याची घंटाच ऐकू येत नाही.

सामान एका डब्यात एकत्र ठेवा: त्याच आकाराची एक जादा नळी, निर्जंतुक हातमोजे, १० मि.ली.च्या दोन सिरिंज, नळीला बसेल अशा तोंडाची ५० मि.ली.ची सिरिंज, निर्जंतुक पाणी, नॉर्मल सलाइन, २ टक्के लिग्नोकेन जेली (जागा बधिर करणारी), निर्जंतुक नमुना-बाटली, नवी पिशवी, नळी बांधायचा पट्टा, थर्मामीटर आणि रक्तदाबाचे यंत्र.

सावधान: फुगा निर्जंतुक पाण्यानेच भरावा. सलाइनने आतल्या बारीक वाटेत क्षार साचू शकतात आणि पुढे फुगा रिकामा होत नाही. हवा भरली तर फुगा लघवीवर तरंगतो आणि हळूहळू आकसतोही.

## टप्पा १: लघवी वाहते आहे का?

इतर काहीही करण्याआधी हे पाहा. खालून वर, या क्रमाने:

१. पिशवी भरून गच्च झाली आहे का? दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची असते.
२. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली आहे का?
३. नळीला पीळ, दुमड किंवा मांडीखाली दाब आहे का? कमरेचा पट्टा, घट्ट कपडा, व्हीलचेअरची कड, सगळे चाचपून पाहा.
४. रुग्णाला बद्धकोष्ठ आहे का? भरलेले मोठे आतडे मूत्रमार्गावर दाबते. नळीच्या बाजूने लघवी झिरपण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.
५. एवढे करूनही चार तासांत थेंब नाही आणि ओटीपोट टणक लागते आहे, तर नळी तुंबली आहे असे धरून चालावे.

नळीच्या कडेने लघवी गळते म्हणून जास्त जाड नळी घालणे ही जुनी आणि नुकसान करणारी सवय आहे. गळती बहुतेक वेळा तुंबण्यामुळे, मूत्राशयाच्या पेटक्यांमुळे किंवा बद्धकोष्ठामुळे होते. जाड नळीने मूत्रमार्ग चिरडतो, गळती तशीच राहते.

तुंबलेल्या नळीवर सर्वात चांगला उपाय म्हणजे ती बदलणे. नळी लगेच बदलता येत नसेल तर शरीराच्या तापमानाइतके कोमट केलेले सलाइन हळुवार आत सोडून एकदा पाहता येते. मज्जारज्जूची इजा असलेल्यांत १० ते १५ मि.ली.च्या वर जाऊ नये. सलाइन आत जात नसेल, किंवा आत गेले पण परत येत नसेल, तर तिथेच थांबा. जोर लावला तर संसर्ग झालेली लघवी दाबाने वर मूत्रपिंडाकडे ढकलली जाते, आणि तिथून जंतू थेट रक्तात पोचू शकतात.

तपासा: अडथळा सुटल्यावर दोन तास दर तासाची लघवी मोजा. सलग दोन तास २०० मि.ली.पेक्षा जास्त येत असेल तर मूत्रपिंडे पाणी आणि क्षार भराभर टाकत आहेत. अशा रुग्णाला रुग्णालयात न्यावे, कारण सोडियम, पोटॅशियम आणि रक्तदाब या तिन्हींकडे लक्ष ठेवावे लागते.

## टप्पा २: डोकेदुखी आणि चढलेला रक्तदाब (मज्जारज्जूची इजा असल्यास)

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर तुंबलेले मूत्राशय जीवघेणे ठरू शकते. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. भरलेल्या मूत्राशयाचा संदेश इजेच्या जागी अडतो, इजेच्या खालच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो आणि मेंदू त्याला खालपर्यंत आवर घालू शकत नाही. ठोकणारी डोकेदुखी, चेहरा आणि मान लाल, इजेच्या वर घाम, अंगावर काटा, नाक चोंदणे, कधी नाडी मंद, अशी लक्षणे दिसतात. वरचा रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढला तरी पुरेसे आहे.

क्रम असा:

१. रुग्णाला ताबडतोब ताठ बसवा, पाय खाली सोडा. आडवे ठेवू नका.
२. पट्टे, मोजे, घट्ट कपडे सैल करा.
३. दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब मोजा.
४. नळीची दुमड पाहा. तुंबली असेल तर टप्पा १ प्रमाणे. नवी नळी घालायची असल्यास आधी लिग्नोकेन जेली सोडून किमान दोन मिनिटे थांबा. घालतानाचा त्रास रक्तदाब आणखी चढवतो.
५. लघवी वाहती होऊनही रक्तदाब खाली येत नसेल तर आपत्कालीन मदत बोलवा. मोठ्या आतड्यात अडकलेला मळ हे दुसरे कारण असते. वरचा आकडा १५० च्या पुढे राहिला तर तातडीची औषधे लागतात. ती डॉक्टरांनीच द्यायची.

मूत्राशय रिकामे झाल्यावर रक्तदाब एकदम घसरू शकतो, म्हणून आराम वाटला तरी पुढे किमान दोन तास मोजत राहा.

डिसरिफ्लेक्सियाला ‘टेन्शन’ किंवा ‘मायग्रेन’ समजून रुग्णाला झोपवून ठेवणे ही या सबंध विषयातली सर्वात घातक चूक आहे.

## टप्पा ३: लघवी नव्हे, रुग्ण तपासा

लघवी वाहते आहे. आता अंगात संसर्ग पसरला आहे का ते पाहायचे. नळीशी जोडलेल्या संसर्गाची भरवशाची लक्षणे: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, थंडी भरून हुडहुडी, कुशीत किंवा पाठीत मूत्रपिंडाच्या जागी दुखणे, ओटीपोट दुखणे, लघवीत नव्याने दिसलेले रक्त, आणि दुसरे कारण न सापडणारी ग्लानी किंवा बरळणे. मज्जारज्जूची इजा असलेल्यांत दुखणे जाणवतच नाही. त्यांच्यात पायांचा ताठरपणा वाढणे, डिसरिफ्लेक्सिया आणि एकूण अस्वस्थता यांवर भिस्त ठेवावी.

गढूळपणा, वास आणि तळाशी साचलेला गाळ ही लक्षणे या यादीत नाहीत. लघवीतल्या पू-पेशीही नाहीत, कारण नळी असलेल्या बहुतेकांत त्या असतातच. त्यांचा उपयोग उलटा होतो: पू-पेशी अजिबात नसतील तर तापाचे कारण दुसरीकडे शोधावे.

लगेच रुग्णालय: श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी (एरवीच कमी असणाऱ्यांत नेहमीपेक्षा स्पष्ट घसरण), नवा गोंधळ. यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली तर नमुन्याची वाट पाहत घरी बसू नका. म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असे नाही. ३६ अंशांखाली गेलेले तापमानही तितकेच गंभीर समजावे.

## टप्पा ४: नळी बदला, मग नमुना

नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि संसर्गाची लक्षणे असतील तर औषधाच्या आधी नळी बदलायची. नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर बसलेला असतो. त्यात औषध नीट शिरत नाही, आणि जुन्या नळीतून घेतलेला नमुना मूत्राशयातले नव्हे तर त्या थरातले जंतू दाखवतो.

१. जुन्या नळीच्या फुग्याला सिरिंज जोडा आणि पाणी आपोआप येऊ द्या. दांडा जोरात ओढला तर आतली वाट चिकटून बंद होते.
२. पाणी येत नसेल तर सिरिंज जोडलेलीच ठेवून काही मिनिटे थांबा, रुग्णाची कूस बदला, १ ते २ मि.ली. पाणी आत सोडून पुन्हा पाहा. तरी नाही, तर डॉक्टरांकडे. फुग्याची झडप कापू नका आणि जास्त पाणी भरून फुगा फोडू नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा आत राहिला तर त्यावर खडा धरतो.
३. नवी नळी घाला. पुरुषांत ती दुभाजकापर्यंत (नळीला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत) पूर्ण आत सरकवा आणि लघवी दिसल्यावरच फुगा भरा. मूत्रमार्गात फुगा फुगला तर आतडी पिळवटणारी कळ येते आणि रक्त येते. शेवटी शिश्नाच्या टोकावरून मागे सारलेली त्वचा पुन्हा पुढे आणायला विसरू नका. नाहीतर पुढचा भाग आवळून सुजतो.
४. स्त्रियांत नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, खुणेसारखी कामी येते. मूत्रमार्गासाठी दुसरी निर्जंतुक नळी घ्या.
५. पोटावरून घातलेली नळी बदलताना सामान आधी उघडून ठेवा. जुनी काढली की ती वाट लवकर आकसते.

नमुना नव्या नळीतूनच घ्या. पुढे कधी जोडलेल्या नळीतून घ्यायचा असेल तर पोर्टच्या (नमुना घ्यायच्या तोंडाच्या) खाली नळी १० ते १५ मिनिटे चिमटा लावून बंद ठेवा, पोर्ट स्पिरिटने पुसून सुकू द्या आणि सिरिंजने ओढा. डिसरिफ्लेक्सियाचा धोका असणाऱ्यांत चिमटा लावलेला असेपर्यंत रुग्णाजवळून हलू नका. काम झाल्यावर चिमटा काढल्याची खात्री करा; विसरलेला चिमटा हेसुद्धा ‘तुंबलेल्या’ नळीचे कारण असते. पिशवीतला नमुना कधीच चालत नाही. तासाभरात प्रयोगशाळेत पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, चोवीस तासांच्या आत पोचवा, आणि अर्जावर ‘नवी नळी घालून घेतलेला नमुना’ असे लिहा.

## जुनी नळी फेकण्याआधी

हे अर्ध्या मिनिटाचे काम जवळपास कोणीच करत नाही, आणि त्यातून सर्वाधिक माहिती मिळते. हातमोजा घालून काढलेल्या नळीचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवा. रेती लागल्यासारखे खरखरीत वाटते का? भोकांपाशी पांढरट-पिवळा चुऱ्यासारखा थर आहे का?

असेल तर बहुधा प्रोटियस मिराबिलिस किंवा तशाच जंतूचे काम आहे. हे जंतू युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) बनवतात. त्याने लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, लघवी आम्लारी होते आणि मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेट व कॅल्शियम फॉस्फेट यांचे खडे नळीवर बसतात. दीर्घकाळ नळी असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना याचा त्रास होतो.

नळी कितव्या दिवशी तुंबली ते लिहा. सलग तीन नळ्यांचा अंदाज आला की पुढची नळी तुंबायच्या आधीच बदलायची तारीख ठरवता येते. २१ व्या दिवशी तुंबत असेल तर १६ ते १८ व्या दिवशी. सिलिकॉनची नळी जास्तीत जास्त १२ आठवडे ठेवता येते, पण ती वरची मर्यादा आहे. वारंवार तुंबणाऱ्याला ती लागू करण्यात अर्थ नाही. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जावे.

दहा दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा तुंबते आहे? मग मूत्राशयात खडा आहे असे धरून दुर्बिणीची तपासणी मागा. साध्या एक्स-रेत तो सुटू शकतो. प्रोटियस खड्याच्या आत दबा धरून बसतो आणि नव्या नळीवर पुन्हा पसरतो. खडा आत असेपर्यंत औषधांचे कितीही कोर्स केले तरी पालथ्या घड्यावर पाणी.

## टप्पा ५: औषध

औषध डॉक्टरांनी ठरवायचे, पण तीन गोष्टी विचारून घ्या. आधीचे कल्चर अहवाल त्यांना दाखवलेत का? नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक दिले असेल तर जंतू कोणता आहे? प्रोटियस, प्रॉव्हिडेन्शिया आणि मॉर्गानेला मुळातच त्याला दाद देत नाहीत, आणि दीर्घकाळच्या नळीत नेमके हेच सापडतात. शिवाय ते औषध मूत्रपिंडाच्या किंवा रक्ताच्या संसर्गात पुरेसे पोचत नाही. आणि किती दिवस? लवकर उतार पडला तर साधारण ७ दिवस, उशीर लागला तर १० ते १४.

कोर्स संपल्यावर त्रास नसेल तर ‘बरे झाले का पाहू’ म्हणून पुन्हा कल्चर करू नका. जंतू दिसणारच आहेत. जंतुनाशकाने रोज मूत्राशय धुण्याने किंवा प्रत्येक नळीबदलाला सरसकट अँटिबायोटिक देण्यानेही संसर्ग टळत नाही.

## टप्पा ६: ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही तर

औषध बदलण्याआधी प्रश्न विचारा: संसर्ग कुठे दडून बसला आहे? अंथरूण बाजूला करून, चांगल्या उजेडात रुग्णाला पूर्ण पाहा.

अंडकोश आणि भोवतालची त्वचा. एक बाजू सुजलेली, गरम, दुखरी असेल तर संसर्ग अंडाशी पोचला आहे. गळू झाले का हे सोनोग्राफीत कळते. त्वचा काळपट-जांभळी, दाबल्यावर चुरचुरणारी, दुर्गंधीची असेल किंवा दिसते त्यापेक्षा वेदना फार असतील, तर तो फोर्नियर गँग्रीन (त्या भागाची त्वचा आणि मांस कुजवणारा संसर्ग) असू शकतो. तो तासातासाने पसरतो आणि शस्त्रक्रियेशिवाय आवरत नाही. मधुमेहींत विशेष जपावे.

बसायच्या जागेत खोल दुखणे, शौचाला जाताना कळ, परत परत चढणारा ताप: प्रोस्टेटमध्ये गळू.

पिशवीत बुडबुडे. आधी पिशवी नुकतीच जोडली होती का ते विचारा, कारण तेव्हा हवा शिरते. तसे नसेल आणि लघवीबरोबर फेसासारखी हवा येत राहिली, तर मूत्राशयाच्या भिंतीत किंवा मूत्रपिंडात वायू तयार करणारा संसर्ग असू शकतो. हाही मुख्यत्वे मधुमेहींचा आजार, निदान सीटी स्कॅनने. हवेबरोबर मळाचे कण दिसले तर आतडे आणि मूत्राशय यांच्यात वाट पडली आहे.

कूस दुखणे कायम असेल तर मूत्रपिंडात खडा, अडथळा किंवा पू. सोनोग्राफी त्याच दिवशी व्हावी. अडकलेला पू बाहेर काढल्याशिवाय औषध पुरे पडत नाही.

मधल्या पाठीत नवे दुखणे, संसर्गानंतर काही आठवड्यांनी सुरू झालेले, रात्री वाढणारे: जंतू रक्तातून मणक्यांच्या चकतीत गेले असतील. एमआरआय लागतो. रक्तात एन्टरोकॉकस हा जंतू सापडला, विशेषतः झडप बदललेल्या रुग्णात, तर हृदयाची एको तपासणी मागावी.

## जांभळी पिशवी

एके सकाळी पिशवी आणि नळी जांभळी दिसते आणि घर घाबरते. बद्धकोष्ठ असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध स्त्रियांत हे जास्त आढळते. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनचा आतड्यातले जंतू इंडोल करतात, यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते, ते लघवीत उतरते. लघवीतले काही जंतू ते फोडतात आणि निळा इंडिगो व लाल इंडिरुबिन तयार होतात. दोन्ही पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशवीत मुरून जांभळी छटा येते. लघवी बाटलीत ओतून पाहिली तर तिचा रंग बऱ्याचदा साधाच असतो.

करायचे ते एवढेच: टप्पा ३ प्रमाणे रुग्ण तपासा, बद्धकोष्ठावर उपाय करा, नळी आणि पिशवी बदला. ताप किंवा इतर लक्षणे नसतील तर केवळ रंगासाठी अँटिबायोटिक नको. लक्षणे असतील तर रंगावर न अडता नेहमीचा क्रम.

## पेंगणारा रुग्ण आणि चांगले यकृत

ही गुंतागुंत दुर्मीळ आहे आणि म्हणूनच हुकते. तुंबलेले मूत्राशय आणि त्यात युरिएज बनवणारे जंतू हे दोन्ही जुळून आले की अमोनिया मूत्राशयाच्या भिंतीतून शोषला जातो. मूत्राशयाचे रक्त यकृताला वळसा घालून सरळ मोठ्या शिरेत जाते, त्यामुळे यकृत धडधाकट असूनही रक्तातला अमोनिया वाढतो. रुग्ण पेंगतो, बरळतो, कधी बेशुद्ध होतो. यकृताच्या चाचण्या चांगल्या येतात आणि निदान ‘वयामुळे’ किंवा ‘झटका’ यावर थांबते.

नळी असलेला माणूस अकारण गुंगीत गेला तर साखर आणि सोडियमबरोबर रक्तातला अमोनियाही तपासायला सांगा. नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत जायला हवा, नाहीतर आकडा खोटा वाढलेला येतो. उपचार टप्पा १ पासूनच सुरू होतो: मूत्राशय पूर्ण रिकामे करणे, मग योग्य अँटिबायोटिक.

## वर्षानुवर्षे नळी असेल तर दर खेपेला पाहायचे

पुरुषांत शिश्नाच्या टोकाशी, खालच्या बाजूने मूत्रमार्ग चिरत चालला आहे का ते पाहा. लोंबणाऱ्या पिशवीचे ओझे नळी खाली ओढते आणि मांस कापत जाते. नळी मांडीला किंवा ओटीपोटाला थोडी सैल राखून पट्ट्याने बांधा आणि बाजू आलटून-पालटून बदला. चीर पडायला लागलीच असेल तर पोटावरून नळी घालण्याविषयी मूत्ररोगतज्ज्ञांशी लवकर बोला. झालेली चीर आपोआप भरून येत नाही.

दहा वर्षांहून जास्त काळ नळी असलेल्यांत लघवीतून रक्त येणे दर वेळी संसर्गावर ढकलू नये. सततच्या दाहातून मूत्राशयाचा स्क्वॅमस (चपट्या) पेशींचा कर्करोग होऊ शकतो. संसर्ग आटोक्यात आल्यावरही रक्त दिसत राहिले तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.